बीपी, निकष, चारसोबीस : शब्दांची नोंद ठेवू पाहणाऱ्यास पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची शब्दांची यादी मिळाली. निरनिराळ्या धंद्यांतले, शास्त्रांतले शब्द रोजच्या बोलण्यात कसे उतरतात याचा अभ्यास करायचा तुझा विचार मला मनापासून आवडला. यादीत मात्र एक मोठी उणीव आहे. ती आधीच सांगते, म्हणजे पुढची मेहनत वाया जायची नाही. तू शब्द लिहून त्यापुढे फक्त अर्थ लिहिला आहेस. पारिभाषिक शब्दाला अर्थाबरोबर एक अट असते. अमुक मोजमाप भरलं, अमुक परिस्थिती असली तरच तो शब्द वापरायचा, असं त्या क्षेत्रातल्या लोकांनी आपसात ठरवलेलं असतं. शब्द घरोघरी पोचतो तेव्हा ही अट गळून पडते, किंवा तिचा एखादाच तुकडा उरतो. कोणता तुकडा उरला, कोणता गळला आणि कुणाच्या तोंडी गळला, हे टिपणं हाच या अभ्यासाचा गाभा.

‘बीपी’ घे. रक्तदाब हे मोजमाप आहे, प्रत्येक जिवंत माणसाला तो असतोच. तरी ‘मला बीपी आहे’ या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘शुगर आहे’, ‘थायरॉईड आहे’ हीसुद्धा त्याच साच्यातली वाक्यं. थायरॉईड ही तर गळ्यातली ग्रंथी, पण बोलण्यात ती आजार झाली. दवाखान्यातलं बोलणं त्रोटक असतं. ‘बीपी वाढलंय’, ‘शुगर तपासून घ्या’ असं ऐकून माणूस घरी येतो आणि घरच्यांना आजाराचं नाव सांगताना कानावर सर्वांत जास्त वेळा पडलेला शब्द पुढे करतो. ‘उच्च’ हे विशेषण वाटेतच पडतं. गंमत अशी, की दाब कमी झाला तर मात्र विशेषण लागतंच: ‘बीपी लो झालं’. म्हणजे नुसतं बीपी म्हटलं की वाढलेलं, हा बोलीने स्वतःचा नवा नियम केला. अट गळाली तरी अर्थ सैरभैर होत नाही, तो नव्या नियमाने बांधला जातो. असा नियम सापडला की तो शब्दापुढे लिहून ठेव. पण ‘बीपीचा त्रास आहे’ एवढंच सांगणाऱ्या रुग्णाला नवा डॉक्टर ‘हाय की लो?’ हे विचारतोच, कारण त्याला हरवलेली अट परत मिळवायची असते.

‘डिप्रेशन’मध्ये हीच गळती जास्त महागात पडते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत नैराश्याच्या मोठ्या आजारासाठी नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच, एकाच दोन आठवड्यांच्या काळात, जवळजवळ रोज असावी लागतात. त्या पाचांत उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक तरी हवंच, आणि त्यामुळे माणसाला लक्षणीय त्रास होत असावा किंवा त्याचे रोजचे व्यवहार अडत असावेत. ‘आज जाम डिप्रेशन आलंय’ या वाक्याला एक संध्याकाळ पुरते. ज्याची खरोखर दोन आठवडे झोप उडाली आहे त्याचं म्हणणंही मग लोक संध्याकाळच्या मापाने ऐकतात. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शब्द घरात रुळल्यामुळे पूर्वी जे बोलताच येत नव्हतं ते सांगायला तोंड फुटलं. म्हणून असा शब्द ‘चुकीचा वापरतात’ असा शेरा मारून मोकळं होऊ नको. लोकांसाठी लिहिताना तो शब्द वापर आणि त्याच वाक्यात काळाची अट घाल. ‘दोन आठवड्यांहून जास्त टिकलेलं नैराश्य’ एवढ्याने काम होतं.

आता एक शब्द जवळून बघू. सोनं पारखायचा काळा, कठीण, बारीक पोताचा दगड म्हणजे कसोटी. सोनार त्यावर दागिना घासतो, दगडावर सोनेरी रेघ उमटते. तिच्या शेजारी, कस ठाऊक असलेल्या सोन्याची दुसरी रेघ ओढून दोन्हींचा रंग ताडून बघतो. मग रेघांवर आम्ल लावतात. हिणकस धातू त्यात विरघळून रेघ फिकी पडते किंवा पुसली जाते, चोख सोन्याची टिकते. या कामात घासणं आहे, आम्लाचा दाह आहे आणि शेजारची ठाऊक रेघ आहे. ‘कसोटीचा काळ’, ‘कसोटीला उतरणे’ ही आपली बोलणी झीज आणि दाह घेऊन आली, शेजारची रेघ मागे राहिली. पण ती हरवली नाही. याच दगडाचं संस्कृत नाव निकष. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘कष्’, म्हणजे घासणे. कसोटी तोंडातोंडी घासून गुळगुळीत होत प्राकृतातून आली, निकष ग्रंथांतून जसाच्या तसा उचलला गेला, आणि त्याने नेमकी तुलनेची रेघ उचलली. ‘पात्रतेचे निकष’ म्हणताना कुणाला दाह आठवत नाही, ठरलेलं माप आठवतं. पुढे कसोटी क्रिकेटमध्ये गेली आणि तिथे पुन्हा पारिभाषिक झाली: प्रत्येक संघाला दोन डाव, जास्तीत जास्त पाच दिवस, अशा नव्या अटींसह. ‘बावनकशी’ची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघ. त्यातला बावन्न हा आकडा टिकला, पण कस कशात मोजायचा हे बहुतेकांच्या लेखी संपलं, आणि उरला तो निव्वळ ‘अस्सल’ हा अर्थ.

शब्द उलट्या दिशेनेही जातात, आणि नवखा अभ्यासक इथेच फसतो. शास्त्रं आपले पुष्कळ शब्द रोजच्या भाषेतूनच उचलतात आणि त्यांना अटी घालतात. शाळेच्या भौतिकशास्त्रात ‘कार्य’ घडायला बल लावलेल्या वस्तूचं बलाच्या दिशेने विस्थापन व्हावं लागतं. डोक्यावर जड ओझं घेऊन तासभर एका जागी उभं राहिलेल्या माणसाने त्या ओझ्यावर केलेलं कार्य शून्य. ‘चाल’ आणि ‘वेग’ आपल्या बोलण्यात वेगळ्याच कामांना लागतात, शास्त्रात त्यांच्यातला फरक दिशेचा: वेगाला दिशा असते, चालीला नसते. विद्यार्थ्यांचा गोंधळ अवघड शब्दांनी होतो त्याहून जास्त अशा ओळखीच्या शब्दांनी होतो. अवघड शब्द दिसला की माणूस थांबून विचारतो, ओळखीचा दिसला की समजलं असं धरून पुढे जातो.

काही शब्द जाऊन परत येतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२३ साली मनाच्या रचनेबद्दल लिहिताना जर्मनमधला ‘मी’ हा साधा शब्द वापरला होता. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याजागी लॅटिन ‘इगो’ घातला, आणि घरगुती शब्दाला एकदम दवाखान्याचा वास आला. तिथून तो लोकांत उतरला आणि मराठीत ‘त्याचा इगो दुखावला’ म्हणताना त्याचा अर्थ ताठा झाला. फ्रॉइडच्या मांडणीतला ‘मी’ वासना, सदसद्विवेक आणि बाहेरचं जग यांच्यात मेळ घालणारा. ताठ्याशी त्याचा फारसा संबंध नाही. अशा शब्दाची नोंद एका ओळीत मावत नाही, त्याचे तीन मुक्काम वेगळे लिही.

नवे पारिभाषिक शब्द घडवण्याबद्दल तू विचारलं होतंस. यात सर्वांत मोठा धोका एकच आहे: वस्तूचा एखादा तात्कालिक गुण शब्दात कायमचा कोंडणं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ‘ऑक्सिजन’ हे नाव ‘आम्ल उत्पन्न करणारा’ या अर्थाच्या ग्रीक घटकांपासून बनवलं, कारण सगळ्या आम्लांत हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. १८१० साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने मीठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नाही हे दाखवलं. समजूत गेली, नाव राहिलं. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडे याबाबतीत फार जपून वागला. विद्युत विघटनाच्या, म्हणजे द्रावणातून वीज सोडून पदार्थ फोडण्याच्या, प्रयोगांसाठी त्याला नावं हवी होती, पण विजेचा प्रवाह नेमका कसा वाहतो याच्या एखाद्या सिद्धान्ताला ती बांधलेली नको होती, कारण सिद्धान्त बदलू शकतो हे त्याला उमगलेलं होतं. विल्यम व्ह्यूएल या इंग्रज विद्वानाशी पत्रव्यवहार करून त्याने १८३४ मध्ये ॲनोड, कॅथोड (प्रवाह आत-बाहेर जाण्याची दोन टोकं) आणि आयन (विजेचा भार वाहणारे कण) ही नावं घेतली. आज दोनशे वर्षं होत आली तरी ती डगमगलेली नाहीत.

आता आपल्याकडे बघ. ॲनोडला आपण धनाग्र म्हणतो, कॅथोडला ऋणाग्र. विद्युत विघटनाच्या पात्रात हे बरोबर बसतं. पण वीज देत असलेल्या घटात ॲनोड हा ऋण टोकाशी असतो, कारण ॲनोड म्हणजे जिथे ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे पदार्थ इलेक्ट्रॉन सोडतो, ते अग्र, आणि घटात तिथूनच इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलात जातात. मग विद्यार्थ्याला ‘या घटात धनाग्र ऋण आहे’ असं लिहायची पाळी येते. शब्द घडवणाऱ्याने चिन्ह कोंडलं, प्रक्रिया सोडली. क्रिकेटमधलं ‘षटक’ही तसंच. सहा चेंडूंचं म्हणून षटक, ऐकायला सुरेख, बोलायला सोपं, वृत्तपत्रांत पक्कं रुळलेलं. पण ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचं ‘षटक’ होतं, आणि इंग्लंडमध्ये एके काळी चार आणि पाच चेंडूंची होती. जुन्या सामन्यांबद्दल मराठीत लिहिताना हा काटा टोचतोच. तरी षटक टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. रुळलेला शब्द थोडा चुकीचा असला तरी नव्या अचूक शब्दापेक्षा जास्त कामाचा असतो. नवा घडवताना मात्र हे तपासायलाच हवं.

आणखी एक तपासणी लोक विसरतात: जागा आधीच भरलेली आहे का? ‘टाळेबंदी’ हा शब्द मालकाने कामगारांना कामावर येऊ न देता कारखाना बंद ठेवण्यासाठी, म्हणजे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘लॉकआउट’साठी, कितीतरी वर्षं वापरात होता. २०२० मध्ये साथीमुळे सगळंच बंद झालं तेव्हा वृत्तपत्रांनी ‘लॉकडाउन’लाही टाळेबंदीच म्हटलं. त्या काळातल्या ‘कारखान्यात टाळेबंदी’ अशा मथळ्यावरून मालकाने कारखाना बंद ठेवला की सरकारने, ते कळेना. लोकांनी स्वतःपुरता प्रश्न सोडवला, तोंडी लॉकडाउनच ठेवला.

हुकुमाने शब्द बदलता येतात का, हाही प्रश्न जुना आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, तो शब्द पुढे पेशव्यांच्या शिक्क्यांवरही कोरला गेला, पण लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला आणि इतिहासातला तो सगळा काळ पेशवाई म्हणूनच ओळखला जातो. शिक्का एका दिवसात बदलतो. तोंडं बदलायला वाहक लागतात.

हे वाहक कोण, ते शोधायला शीक. मोठे तज्ज्ञ शब्द घडवतात, पण पसरवतात ते दोन जगांच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसं: परिचारिका, औषधाच्या दुकानातला माणूस, वकिलाचा कारकून, विम्याचा एजंट, गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक, सामन्याचा समालोचक, शाळेतला शिक्षक. त्यांना दिवसातून अनेकदा तीच गोष्ट अनोळखी माणसाला थोडक्यात सांगावी लागते, त्यामुळे छाटणी त्यांच्याच हातून होते. सगळ्याच परिभाषा मात्र पसरण्यासाठी नसतात. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत एकाला केवली, दोनाला आवारू अशी आकड्यांची नावं होती, ती गिऱ्हाइकाला कळू नयेत म्हणूनच. अशा गुप्त शब्दांना वाहक मिळत नाहीत आणि धंद्याची रीत बदलली की ते तिथेच विरून जातात.

परका शब्द मराठीत कितपत मुरला हे ओळखायला व्याकरणासारखी खात्रीची खूण नाही. त्याला सामान्यरूप झालंय का ते आधी बघ. ‘बँक’ला ‘बँकेत’, ‘बँकेचा’, ‘बँका’ सगळं होतं. ‘फाइल’ची ‘फाइलीत’ झाली. ‘ॲप’ला मात्र बहुतेक लोक अजून ‘मध्ये’ची काठी देतात, ‘ॲपमध्ये’, आणि अनेकवचन ‘ॲप्स’ की ‘ॲपं’ यावर एकमत नाही. लिंग डळमळत असेल, म्हणजे कुणी ‘मेल आला’ म्हणत असेल आणि कुणी ‘मेल आली’, तर शब्द अजून उंबऱ्यात आहे. क्रियापद तर आपण ‘करणे’, ‘होणे’, ‘मारणे’ लावून पहिल्याच दिवशी बनवतो, म्हणून ‘डाउनलोड कर’ ही मुरल्याची खूण धरू नको. भक्कम खूण म्हणजे मूळ वस्तू समोर नसताना शब्द वापरला जाणं: ‘माझं डोकं हँग झालंय’. आणि एकच मूळ शब्द दोन वेशांत राहतो तेही बघ. रोगाचा तो विषाणू, संगणकातला तो व्हायरस, आणि पसरलेल्या चित्रफितीसाठी व्हायरल. ‘चित्रफीत विषाणूजन्य झाली’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे संगणकातला अर्थ वैद्यकीय मराठीतून फुटला नाही, तो इंग्रजीतून वेगळ्या वाटेने आला.

शब्द पूर्ण स्वतंत्र झाल्याचा सर्वांत ठसठशीत नमुना ‘चारसोबीस’. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४२० फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावण्याबद्दलचं होतं, सात वर्षांपर्यंत कैदेचं. पोलीस ठाणं, कोर्ट, वृत्तपत्र या वाटेने तो आकडा लबाड माणसाचं विशेषण झाला, मग ‘चारसोबीसी’ हे नामही झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. लबाडाला ‘तीनशे अठरा’ म्हणणारं कुणी भेटलं तर तारीख घालून लिहून ठेव, मला ते वाचायला फार आवडेल.

आता प्रत्यक्ष काम. क्षेत्र अरुंद घे. ‘वैद्यक’ नको, ‘रक्ततपासणी’ घे. ‘संगणक’ नको, ‘छपाई’ घे. माणसाजवळ जाऊन ‘याला काय म्हणतात?’ असं विचारू नको, कारण मग तो तुझ्यासाठी पुस्तकी शब्द शोधतो. काम चालू असताना शेजारी बस आणि विचार, ‘हे बिघडलं तर सोबतच्याला कसं सांगाल?’ बिघाड सांगताना खरे शब्द येतात, कारण तिथे चुकीचा शब्द वापरला तर काम अडतं. पूर्ण वाक्य जसंच्या तसं उतरव, शब्द एकटा उचलू नको. कोण कुणाला बोललं, दोघांचा धंदा काय, तारीख, शब्दाचं लिंग आणि त्याला लागलेला प्रत्यय, त्या क्षेत्रातली पक्की अट, आणि या वाक्यात त्या अटीतलं काय उरलं, इतकं प्रत्येक नोंदीत हवं. नावं लिहू नको, धंदा पुरे. एका शब्दाची किमान तीन वाक्यं तीन वेगळ्या माणसांची घे, त्यांतलं एक तरी त्या क्षेत्राबाहेरच्या माणसाचं असू दे. तीनही वाक्यं क्षेत्रातल्या माणसांचीच असली तर शब्द बाहेर पडला की नाही हेच कळत नाही, आणि तुझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त शब्दांबाबत मला हीच शंका आहे.

नंतर मागे जा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती, जुनी वृत्तपत्रं, कायद्यांची भाषांतरं, जुनी पाठ्यपुस्तकं चाळ. पहिली सापडलेली नोंद ही शब्दाची जन्मतारीख समजू नको. लेखी येण्याआधी धंद्यातला शब्द तोंडी बराच काळ फिरलेला असतो. ‘बग’, इंग्रजीत किडा, या शब्दाची गोष्ट लोक रंगवून सांगतात: ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू संगणकात पतंग नावाचा किडा सापडला आणि तेव्हापासून बिघाडाला बग म्हणू लागले. पतंग खरंच सापडला होता, नोंदवहीत चिकटवलाही गेला. पण त्याखाली लिहिलं आहे, ‘बग सापडल्याचं पहिलं खरंखुरं प्रकरण’. हे वाक्य लिहायला बिघाडाचा बग आधीच माहीत असावा लागतो. एडिसनने तर १८७८ च्या एका पत्रात यंत्रांतल्या लहानसहान दोषांना बग म्हटलेलं आहे. व्युत्पत्ती जितकी चटकदार तितका लेखी पुरावा जास्त माग, आणि तो मिळाला की त्यातलं वाक्य शब्दशः वाच.

तुझ्या यादीतले ‘पॅच’, ‘प्रीमियम’ आणि ‘स्ट्रेस’ हे तीन शब्द आधी या पद्धतीने नव्याने लिही. ‘स्ट्रेस’पासून सुरुवात केलीस तर बरं. पदार्थाच्या बळाचा अभ्यास करणाऱ्यांकडे तो क्षेत्रफळाच्या एककावरचं बल म्हणून मोजला जातो, त्यामुळे त्याची अट तुला स्वच्छ लिहिता येईल आणि मनावरचा ‘स्ट्रेस’ त्यातलं काय घेऊन आला हे पडताळता येईल. लिहून झाले की तिन्ही पाठव.

तुझ्या कामाची वाट पाहणारी,
तुझी मावशी

ता. क. : ऐकलेला शब्द ऐकला तसाच लिही. कुणी ‘स्कॅनिंग’ला ‘स्कॅन काढलं’ म्हणालं, कुणी ‘इस्कॅन’ म्हणालं, तर दोन्ही रूपं ठेव, शुद्ध करू नको. उच्चार कुठे झिजलाय त्यावरून तो शब्द कानाने आला की डोळ्याने, हे पुढे कळतं. वाचून आलेल्या शब्दाचं लेखन बहुधा नीट असतं आणि उच्चार चुकतो, ऐकून आलेल्याचं उलट.